स्टॉल किती?

आमच्या कऱ्हाडात ‘पिकअप’ या शब्दाचे दोन अर्थ. एक म्हणजे मागे हौदा असलेली गाडी, जिच्यात टोमॅटोच्या क्रेटपासून वऱ्हाडापर्यंत काहीही भरता येतं. दुसरा अर्थ गाडीचा उठाव. ‘गाडीला पिकअप आहे का?’ हा प्रश्न या दुसऱ्या अर्थाचा. कोलोरॅडोत मी जी जुनी गाडी घेतली ती पहिल्या अर्थाने पिकअप होती, दुसऱ्या अर्थाने नव्हती.

गाडी २००५ची डॉज रॅम २५००. सहा सिलिंडरचं ५.९ लिटर कमिन्स डिझेल, मागे ४८आरई नावाचं चार गिअरचं ऑटोमॅटिक. कंपनीच्या हिशेबाने ३२५ अश्वशक्ती आणि अवघ्या १६०० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) सहाशेच्या आसपास पाउंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर), म्हणजे आठशेच्या वर न्यूटन-मीटर. मी फोर्ट कॉलिन्सला राहतो. आठवडाभर ऑफिस, आणि शनिवार-रविवार एका मित्राबरोबर डोंगरातल्या लाकडी घरांच्या पाइपलाइनी खणायची कामं. त्यासाठी छोटा एक्स्कॅव्हेटर ट्रेलरवर घालून न्यायचा. ट्रेलर धरून साडेचार टन.

रिकामी असताना गाडी मजेत पळायची. ट्रेलर जोडून पहिल्यांदा चढावर थांबलो आणि पुन्हा निघायला गेलो, तेव्हा इंजिन ओरडत अडीच हजारावर गेलं आणि गाडी जागची ढिम्म हलली नाही. मग सावकाश, उपकार केल्यासारखी निघाली. त्याहून वाईट म्हणजे उलटं जाणं. गिऱ्हाइकाच्या घरासमोरच्या चढावर ट्रेलर मागे ढकलत न्यायचा, दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात गिअरच्या तेलाचा काटा असा चढायचा की पोटात गोळा यायचा.

मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी चालवून पाहिली, वीस मिनिटांत निकाल दिला: गिअरबॉक्समधले क्लच घसरतायत, सगळं उघडून नवं भरावं लागेल. जो आकडा सांगितला त्यात कऱ्हाडला अजूनही बऱ्यापैकी सेकंडहँड गाडी येते. मी ‘कळवतो’ म्हणून निघालो.

अण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी आयुष्यात ऑटोमॅटिक गिअरला हात लावलेला नाही. फोनवर सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “तेलाला वास येतो का रे?”

“नाही अण्णा. लालभडक आहे, स्वच्छ.”

“मग क्लच कशाचा घसरतोय? खंबाटकीत कुणी हाफ क्लचवर गाडी धरली तर मागच्या गाडीवाल्याला वास यायचा. घसरेल आणि जळणार नाही, असं कसं होईल?”

त्यांच्या त्या ‘हाफ क्लच’ शब्दाने माझ्या डोक्यात उजेड पडला. इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मध्ये बसतो तो टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे दुसरं काय, तेलाने चालणारा कायमचा हाफ क्लच. इंजिनाला जोडलेला पंप तेल फेकतो. ते समोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळून तिला ढकलतं, आणि टर्बाइन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवते. दोघांच्या मध्ये स्टेटर. आदळून उलट्या दिशेने परतणाऱ्या तेलाला तो वळण लावतो आणि पंपाच्या फिरण्याच्या दिशेनेच परत आत सोडतो. पाटाचं पाणी फळी घालून वाफ्यात वळवावं तसं. या वळवण्यामुळेच गाडी उभी असताना इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दुप्पट होऊन पुढे जातो. ही युक्ती हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची, १९०५ची, आणि तीही मोटारीसाठी नाहीच. तो श्टेटिनच्या जहाज कारखान्यात होता. तिथे भरधाव फिरणारी वाफेची टर्बाइन आणि सावकाश फिरायला हवा असलेला जहाजाचा पंखा यांची सोयरीक जुळवायची होती. (श्टेटिन आता पोलंडमध्ये आहे.)

आता गाडीची चाकं ब्रेकने जखडून ठेवली आणि अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबला, तर टर्बाइन अडकलेली, पंप फिरतोय. इंजिन चढत चढत एका ठिकाणी थांबतं, कारण त्या वेगाला तेल घुसळायला लागणारा जोर आणि इंजिनाचा जोर सारखे होतात. तो वेग म्हणजे स्टॉल स्पीड. पेट्रोल इंजिनात तो अडीच हजार असला तर बिघडत नाही, त्याला पुढे धावायला भरपूर जागा असते. माझं डिझेल सुमारे ३२०० ला संपतं आणि त्याचा सगळ्यात जास्त टॉर्क १६०० ला आहे. म्हणजे पंक्तीत मुख्य पदार्थ वाढून झाल्यावर मी ताट घेऊन बसत होतो.

स्टॉल मोजायचं ठरवलं. चारही चाकांना दगड लावले, गाडीच्या पुढे कुणी नाही याची खात्री केली, तेल आधी फिरवून गरम केलं. मोबाइलवर स्कॅनर जोडला, कारण डॅशबोर्डवरच्या काट्यात पन्नास-शंभर आरपीएम सहज हरवतात. डावा पाय ब्रेकवर, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर. पहिला प्रयत्न खडीवर केला आणि फसला, मागची चाकं जागच्या जागी फिरून खडी उडवू लागली. साहजिकच होतं. आठशे न्यूटन-मीटर, कन्व्हर्टरमुळे दुप्पट, पहिल्या गिअरचे २.४५ पट, मागच्या अ‍ॅक्सलचे ३.७३ पट, चाकांपर्यंत जातात चौदा-पंधरा हजार. मग काँक्रीटवर आलो आणि फोर-व्हील हायमध्ये टाकली, म्हणजे पुढचे ब्रेकही शाफ्टमधून मागच्यांना मदत करतात. लो रेंजमध्ये टाकायचा मोह होतो. तिथे चाकांवरचा जोर आणखी वाढतो आणि ब्रेक हरतात.

पाच सेकंद. २५५० आरपीएम.

पाचच का, ते नंतर कागदावर काढलं तेव्हा घाम फुटला. गाडी उभी आहे, चाकांना शून्य शक्ती मिळतेय, म्हणजे इंजिनाची सगळी शक्ती तेल तापवण्यात जातेय. अगदी १८०० आरपीएम धरले तरी दीडशे किलोवॅट होतात. घरातले २ किलोवॅटचे ७५ गिझर एकदम लावल्यासारखं, आणि तेही कन्व्हर्टरमधल्या चार-पाच लिटर तेलात. लोखंड पितं ती उष्णता सोडली तर दर सेकंदाला तेल पंधरा-वीस अंशांनी तापणार. सहाव्या सेकंदाची हौस महागात पडते.

आणि चाचणी संपल्यावर मी काय केलं? गाडीला बिचारीला विश्रांती म्हणून पार्कमध्ये टाकली. याहून वाईट काही करता आलं नसतं. या जातीच्या क्रायस्लर गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये असताना तेल कन्व्हर्टर आणि कूलरकडे फिरतच नाही. उकळतं तेल मी झाकण लावून ठेवलं होतं. न्यूट्रलमध्ये टाकून हजार आरपीएमवर थोडा वेळ फिरवायचं असतं, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं मी चाचणीनंतर वाचलं. तेलाची पातळीही या गाडीत न्यूट्रलमध्येच बघतात, कारण तेच. माझं नशीब की चाचणी पाच सेकंदांचीच होती.

मॅन्युअलमध्येच आणखी एक गोष्ट सापडली आणि गॅरेजवाल्याचं निदान तिथेच ढासळलं. स्टॉल फार जास्त असेल तर गिअरबॉक्समधलं काहीतरी घसरत असावं, इथवर त्याचं बरोबर होतं. पण ड्राइव्हच्या पहिल्या गिअरमध्ये मागचा क्लच आणि ओव्हररनिंग (एकाच दिशेने पकडणारा) क्लच भार घेतात; रिव्हर्समध्ये पुढचा क्लच आणि लो-रिव्हर्स बँड (ड्रमला आवळणारा पट्टा). दोन्हीकडे माणसं वेगळी. म्हणून मी तेल थंड होऊ देऊन रिव्हर्समध्ये मोजलं: २५४०. वेगवेगळ्या जागचे दोन क्लच ठरवून सारखेच घसरतील, असं होत नाही. दोन्हीकडे सामाईक आहे तो मुख्यतः कन्व्हर्टर. (स्टॉल अपेक्षेपेक्षा दोन-तीनशेने कमी आला असता आणि हायवेला गाडी ठीक पळत असती, तर संशय स्टेटरच्या एकेरी क्लचवर गेला असता. तो सुटला की स्टेटर तेलाला वळण लावण्याऐवजी स्वतःच उलटा फिरू लागतो.)

मग मागच्या मालकाला फोन केला. गडी मोकळा निघाला. तो स्लेज ओढायच्या शर्यतीत उतरायचा. आपल्याकडे बैलगाडा तसा त्यांच्याकडे हा छंद: ट्रकच्या मागे वजन लादलेली गाडी, आणि ट्रक जसजसा पुढे जातो तसतसं वजन पुढे सरकून ओढ वाढत जाते. त्यासाठी त्याने मोठा टर्बो (इंजिनाच्या धुराच्या जोराने फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा) घातला होता, इंजिनाच्या कॉम्प्युटरला तीसेक टक्के जास्त जोराची सेटिंग दिली होती, आणि ‘२२०० स्टॉल’चा कन्व्हर्टर बसवला होता.

“मला तर २५५० मिळाला,” मी म्हणालो.

“असेल,” तो म्हणाला. “सेटिंग कोणती होती?”

मला वाटत होतं, स्टॉल हा कन्व्हर्टरचा गुण आहे. घोड्याची उंची असते तसा त्याच्यावर लिहिलेला आकडा. पण तेल घुसळायला लागणारा टॉर्क वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला तर टॉर्क चौपट लागतो. म्हणजे उलटा हिशेब केला तर त्याच कन्व्हर्टरमागे दुप्पट टॉर्कचं इंजिन लावलं की स्टॉल दुप्पट होणार नाही, सुमारे १.४ पट होईल. मी सेटिंग कंपनीच्या मूळ पातळीवर आणली आणि पुन्हा मोजलं. २२००. आता २५५० ला २२०० ने भागून वर्ग केला तर १.३४ येतात. मागच्या मालकाचे ‘तीसेक टक्के’ ब्रेकवर पाय ठेवून सिद्ध झाले. शाळेत वर्गमूळ शिकताना ‘हे कुठे लागणार आहे’ असं मीही विचारलं होतं.

तेव्हापासून मला ‘आमचा १८०० स्टॉलचा कन्व्हर्टर’ असली जाहिरात दिसली की हसू येतं. १८०० कुणाच्या इंजिनामागे? किती उंचीवर? आणि मोजला कसा, ब्रेक धरून की चालू गाडीत झटका देऊन? वधूवरांपैकी एकाचीच पत्रिका बघून गुण सांगण्यासारखं आहे ते.

नवीन कन्व्हर्टर करून देणारा नेब्रास्कातला एक म्हातारा मिळाला. मी म्हटलं, मला १८०० हवेत. त्याने आकडा कानाआड केला आणि विचारत सुटला: टर्बो कोणता, ट्रेलर किती टन, टायर केवढे, अ‍ॅक्सल कितीचा, राहता किती उंचीवर, सेटिंग कोणती ठेवणार. मी सांगितलं, मूळ सेटिंग. टर्बोबद्दल मी म्हणालो, “आहे तोच राहील.” त्यावर तो जरा थांबला, “तुझी मर्जी” अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि पुढे गेला. तो थांबला तिथे मीही थांबायला हवं होतं. सतराशे डॉलरला वेगळ्या स्टेटरचा, जाड कवचाचा आणि लॉक-अपसाठी (वेगात असताना पंप आणि टर्बाइन थेट जोडून टाकण्यासाठी) एकाऐवजी तीन चकत्यांचा कन्व्हर्टर ठरला. २२०० चा स्टॉल १८०० वर आणायचा म्हणजे त्याच वेगाला जवळजवळ दीडपट टॉर्क पेलणारं यंत्र हवं, हा हिशेब आता मला तोंडपाठ होता.

बसवायचं काम मी आणि शेजाऱ्याने घरच्या गॅरेजमध्ये केलं. दोन शनिवार-रविवार. भाड्याने आणलेला ट्रान्समिशन जॅक, दोन प्रोपेलर शाफ्ट बाजूला, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) वेगळी उतरवली, मग गिअरबॉक्स. कन्व्हर्टरचे बोल्ट फ्लेक्सप्लेटला, म्हणजे इंजिनामागच्या पातळ चकतीला. त्यातला एकेक समोर येण्यासाठी इंजिन हाताने थोडं थोडं फिरवायचं. यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त पाठ दुखते.

सांगण्यासारखं आहे ते परत बसवताना घडलं. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तोंडात सरकवून फिरवत फिरवत बसवावा लागतो. आत त्याला तीन ठिकाणी गुंतायचं असतं: टर्बाइनचे दाते इनपुट शाफ्टवर, स्टेटरचे दाते त्याच्या स्थिर नळीवर आणि शेवटी मागचं नळकांडं तेलपंपात. प्रत्येक वेळी ‘खट्’ करून तो थोडा आत जातो. मी दोन खट् ऐकले आणि तिसरा ऐकल्यासारखं वाटून घेतलं. गिअरबॉक्स वर चढवला, बेलहाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं घंटेसारखं तोंड, इंजिनाला टेकेना. करंगळीएवढी फट. शेजारी म्हणाला, बोल्टने ओढून घेऊ. माझ्या हातात पाना होता, रविवारची संध्याकाळ होती, सोमवारी ऑफिस होतं. मी दोन पीळ दिलेही. मग आठवलं की ही जागा आपण होऊन मिटायला हवी. एवढंच नाही, सगळं जुळल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये थोडी मोकळी जागा उरायला हवी. इथे जोर केला तर पंपाचा गिअर फुटतो, आणि ते गाडी सुरू केल्यावरच कळतं. सगळं परत उतरवलं. रात्री अकराला तिसरा खट् झाला. खणखणीत होता, आधी ऐकलेला तसा नव्हताच.

पुढच्या शनिवारी तेल भरलं, न्यूट्रलमध्ये पातळी बघितली, गरम केलं आणि काँक्रीटवर मोजलं. १७८०. मी अण्णांना रात्री उठवून सांगितलं. ते म्हणाले, “चढाला लाव आणि मग सांग.”

चढ म्हणजे आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा, समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर. काम त्याच्या पलीकडे सिल्व्हरथॉर्नजवळ होतं. जाताना सगळं सोन्यासारखं झालं. आधी मी कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या नळीवर वेगळा तापमापक लावला होता, कारण पॅनमधला काटा सगळ्या तेलाची सरासरी सांगतो. जुना कन्व्हर्टर असताना पॅन ९५ अंश दाखवायचा तेव्हा नळीत १४० असायचे. आता तोच चढ, तोच ट्रेलर, नळीत ११५.

फजिती परतताना झाली. काम संपवून एका खडीच्या उभ्या रस्त्यावरून निघायचं होतं. उंची पावणेतीन हजार मीटरच्या वर, हवा विरळ. अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मागून काळा धूर निघाला, गाडी कुंथली. इंजिन पंधराशेच्या खाली अडकलेलं, टर्बो झोपलेला. मोठा टर्बो फिरायला जेवढा धूर-वारा लागतो तेवढा त्या वेगाला निघतच नव्हता. टर्बो नाही म्हणून टॉर्क नाही, टॉर्क नाही म्हणून स्टॉल खाली, स्टॉल खाली म्हणून टर्बो नाही. तिथेच मोजला: १४९०. आधीच्या मालकाचा ढिला, म्हणजे जास्त स्टॉलचा, कन्व्हर्टर चुकीने बसलेला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. त्याच्या मोठ्या टर्बोला जाग येईपर्यंत इंजिन मोकळं धावायला हवं होतं, म्हणून तो ढिला होता. दोघांचं जमलेलं होतं. मी एकाला हाकलून दिलं आणि दुसऱ्याला घरात ठेवलं. नेब्रास्काचा म्हातारा फोनवर कशासाठी थांबला होता, तेही कळलं.

भंगारवाल्याकडून याच इंजिनावर मूळचा येणारा होल्सेटचा एचई३५१ टर्बो घेतला, एका दिवसात बसवला. मोठा विकला, त्यात थोडे पैसे सुटलेही. पुढच्या फेरीत त्याच रस्त्यावर १७०० मिळाले, धूर नाममात्र. गाडी ट्रेलरसकट अशी उचलली गेली की हौद्यातलं फावडं मागच्या फळीवर आपटलं. अण्णांना सांगितलं. “आता पिकअप आहे म्हण की,” ते म्हणाले आणि पावसाचं बोलू लागले.

जुना कन्व्हर्टर गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होता. गेल्या महिन्यात एक तरुण पोरगा तो बघायला आला. उचलून पाहिला, वजनाने वाकला, खाली ठेवला.

“स्टॉल किती आहे याचा?”

“इंजिन कोणतं आहे तुझं?”

“५.९. मोठा टर्बो आहे. स्लेज ओढतो.”

कन्व्हर्टरवर मी चिकटपट्टी लावून दोन आकडे लिहून ठेवले होते, २२०० आणि २५५०. त्याने वाचले.

“यातला खरा कोणता?”

“दोन्ही,” मी म्हणालो, आणि त्याला बसायला खुर्ची ओढली.